पायरीपर्यंतचं पाणी

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी आपला पत्ता कोणाला देऊ नये, हे मत मी लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात बनवलं आणि ते बदलायची वेळ अजून आलेली नाही. मी मूळची तलासरीची. तिथे मे महिन्यात आमच्याकडे कोणी फिरकत नसे. यायला होतंच काय? हायवेची धूळ, ट्रक आणि ऊन. चिखल्याला सासरी आले तेव्हा कळलं की घरामागे चिकूची वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र असला की नातेवाईक न पेरता उगवतात. एप्रिलपासून फोन सुरू. आधी तब्येतीची चौकशी, मग चिकूची, मग हळूच, "या सुट्टीत बीचवर यावं म्हणतोय." बीचवर म्हणजे आमच्याकडे, चार दिवस मुक्कामाला.

ते २०१४ साल होतं. सासूबाई आदल्या पावसाळ्यात गेल्या होत्या, आणि वर्षाच्या आत कार्य उरकायचं म्हणून आमचं लग्न घाईत झालं होतं. त्यामुळे सासूने सुनेला जे काही दाखवायचं, सांगायचं, टोमणे मारून शिकवायचं, ते सगळं राहून गेलेलं. घरात सासरे, नवरा आणि मी. डबे कुठले कशाचे हेसुद्धा मी झाकणं उघडून शोधलं. मग मला जे येत होतं ते मी केलं, म्हणजे माझ्या आईचं घर जसंच्या तसं इथे आणलं. माझ्या आईचा एक नियम देवाच्या वरचा होता: पाहुण्याला जेवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर सोडायचं नाही. तो मी चिखल्यात लागू केला आणि फार कडक पाळला.

पहिल्या मे महिन्यात मुंबईहून नणंद, तिचे यजमान आणि मुलं आली, आणि रानशेतहून आत्याबाई आल्या. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, आवाज इतका हळू की समोर बसून ऐकावं लागे. यजमान होते, पण ते शेत सोडून कुठे येत नसत. रानशेत आमच्यापासून फार लांब नाही, पण तिथून समुद्र दिसत नाही आणि गुडघे गेलेल्या बाईला एसटी आणि रिक्षा करून यायचं म्हणजे वर्षातून एकदाच जमायचं.

दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, जाण्याआधी एकदा समुद्राच्या पाण्याला पाय लागले असते तर बरं झालं असतं. मागितलं असं नाही, नुसतं बोलल्या. आमच्या चिखल्याच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि मऊ वाळू. तिच्यात त्यांचा पाय रुतायचा, तिथे प्रश्नच नव्हता. पण डहाणूच्या चौपाटीवर बंधारा आहे, फरसबंदी रस्ता आहे, बाकडी आहेत आणि बंधाऱ्याला पायऱ्या आहेत. त्या पायरीवर बसायचं आणि पाण्याने यायचं. एवढीच त्यांची इच्छा, आणि मला वाटलं यात काय अवघड आहे, दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता.

आमच्याकडचा समुद्र ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. आमचा किनारा ताटासारखा सपाट आहे. भरतीला पाणी बंधाऱ्यापाशी येतं आणि ओहोटीला इतकं मागे जातं की समुद्र ही एक बारीक राखाडी रेघ उरते, मधे नुसता ओला चिखल आणि खेकडे. मुंबईहून आलेली माणसं गाडीतून उतरतात आणि फसवल्यासारखी आमच्याकडे बघतात. त्या दिवशी आम्ही जेवलो, झोपलो, चहा झाला, मुलांच्या टोप्या सापडल्या, आणि साडेसहाला पोहोचलो. पौर्णिमा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. पाणी निम्म्याहून जास्त गेलेलं आणि अजून जात होतं. नणंदेच्या यजमानांनी कमरेवर हात ठेवून मला विचारलं, "समुद्र कुठे आहे?" जसा काही मी तो फडताळात ठेवून विसरले होते.

आत्याबाई पायरीवर बसल्या. चपला काढून शेजारी ठेवल्या. त्या रेघेकडे बघत राहिल्या आणि अंधार पडायला लागल्यावर म्हणाल्या, "बरं वाटलं." चपला पुन्हा घातल्या. दुसऱ्या दिवशी रानशेतला गेल्या.

पुढच्या वर्षापर्यंत आमचा ठाणे जिल्हा जाऊन पालघर जिल्हा झाला होता. माझ्या नवऱ्याला वाटत होतं की आता सगळी सुधारणा होईल. समुद्राला अर्थातच कोणी कळवलं नव्हतं.

त्या वर्षी सासऱ्यांनी सूत्रं हातात घेतली. ते शांत माणूस, पण तिथीचा विषय निघाला की अंगात येतं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. आमच्या बाजूला त्यात पाऊण-एक तास मिळवायचा. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. वर तास धरून सात. संध्याकाळी सातला भरती, ऊन उतरलेलं, जेवणं-झोपा झालेल्या. सगळ्यांना सोयीची अशी अष्टमी कॅलेंडरवर शोधून त्यांनी लाल पेनने गोल केला आणि रानशेतला निरोप धाडला.

आत्याबाई आल्या त्या नारळ घेऊन. एकच नारळ, सोललेला, शेंडी ठेवलेला, पिशवीत जपून आणलेला. आल्या आल्या माझ्या हातात दिला. मला हसू आलं. आमच्या वाडीत नारळाची तीस झाडं, पडवीत ढीग पडलेला, आणि या रानशेतहून एसटीने नारळ आणतात. पण माणूस रिकाम्या हाताने येत नाही, तेही खरंच. मी म्हटलं, कशाला त्रास घेतलात, आणि दुसऱ्या दिवशी तो फोडून वालाच्या बिरड्यात घातला. आत्याबाईंनी ताटात बिरडं बघितलं, नारळ छान आहे म्हणाल्या, आणि थोडं आणखी घेतलं.

अष्टमीला संध्याकाळी पावणेसातला आम्ही बंधाऱ्यावर हजर. भरती होती, सासऱ्यांचा हिशेब चोख. पाणी येत होतं, येत होतं, आणि पायरीपासून पन्नास पावलांवर येऊन थांबलं. अर्धा तास तिथेच घुटमळलं आणि मागे फिरलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते सावकाश म्हणाले की अष्टमीला भांगाची भरती असते, तिला जोर नसतो. पाणी पायरीला लागायचं तर उधाण हवं, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या, फार तर दुसरा दिवस. आणि तेव्हा भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला, नाहीतर मध्यरात्री.

हे त्यांनी कॅलेंडरवर गोल करताना का सांगितलं नाही, हे मी विचारलं. ते म्हणाले, तू संध्याकाळची वेळ मागितलीस, पाण्याची नाही.

म्हणजे आमच्या समुद्राची रीत अशी की तो सोयीच्या वेळी येतो तेव्हा जवळ येत नाही, आणि जवळ येतो तो ऐन दुपारी, मे महिन्याच्या उन्हात, बरोबर पानं वाढायच्या वेळी. मी तिथेच जाहीर केलं की बारा वाजता म्हाताऱ्या बाईला उपाशी उन्हात नेणं माझ्याच्याने होणार नाही. नणंदेच्या यजमानांना तेवढ्यात कल्पना सुचली. ते मुलांची प्लास्टिकची बादली घेऊन पाण्यापर्यंत गेले, ती भरून आणली आणि आत्याबाईंच्या पायांवर ओतली. वर म्हणाले, झालं की नाही काम. आत्याबाईंनी ओतू दिलं. पदराने पाय पुसले. मी त्या बादलीकडे पाहून इतकी चिडले होते की परतताना रिक्षात एक शब्द बोलले नाही, आणि सगळ्यांना वाटलं मला ऊन लागलं.

२०१६ ला मात्र मी ठरवलं की हे प्रकरण यंदा संपवायचं. आत्याबाई शनिवारी आल्या, पुन्हा एक नारळ घेऊन, पुन्हा शेंडीसकट. या वेळी शेंडीला कुंकवाचं बोट लागलेलं होतं. मला वाटलं देवळातून आणला असेल. प्रसादाचा म्हणून वाया जाऊ नये, तर मी त्याची खोबऱ्याची वडी केली आणि सगळ्यांना वाटली. त्यांनाही दिली.

रविवारी पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. सकाळी अकरा वाजता मी ओट्यावर आले तर आत्याबाई बाकावर तयार बसलेल्या. धुतलेलं लुगडं, विंचरलेले केस, मांडीवर काळी छत्री. मी विचारलं, कुठे निघालात? त्या म्हणाल्या, कुठे नाय, बसलेय अशीच. आत कढईत पापलेट होतं, नणंदेच्या मुलांना भूक लागली होती आणि आमरसाला साखर कमी पडली होती. मी म्हटलं, "आत्याबाई, आधी जेवून घ्या, मग काय ते."

त्यांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली आणि आत आल्या.

जेवणं दोनला आटोपली. संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा अर्थातच पाणी मैलभर मागे. पण यंदा प्रकरण संपवायचं होतं ना. समुद्र येत नाही तर बाईला तिकडे न्यायचं, असं मीच ठरवलं. चहाच्या टपरीवरून प्लास्टिकची खुर्ची घेतली, आत्याबाईंना तिच्यात बसवलं, आणि नवरा व नणंदेचे यजमान दोन्ही बाजूंनी ती उचलून चिखलातून निघाले. शंभरेक पावलं गेले असतील. नणंदेच्या यजमानांना दम लागला, त्यांनी खुर्ची टेकवली. तिचे चारही पाय एकदम रुतले, मग दोनच जास्त रुतले, आणि आत्याबाई हळूहळू एका बाजूला कलायला लागल्या. माझ्या नवऱ्याने धरलं म्हणून पडल्या नाहीत. खुर्ची तिथेच अडकून बसली. आत्याबाईंना दोघांनी अक्षरशः उचलून पायरीवर आणलं. लोक फोन काढून फोटो घेत होते. आत्याबाई पदर सारखा करत मला म्हणाल्या, "राहू दे आता, बाय. लोकांना कशाला त्रास."

मला रडू फुटायचं बाकी होतं, आणि मला रडू यायच्या आधी राग येतो. मी सासऱ्यांवर चिडले, नवऱ्यावर चिडले, टपरीवाल्यावर चिडले, कारण तो खुर्चीचे पैसे मागत होता. सगळ्यांवर चिडून झालं.

२०१७ ला आत्याबाई आल्या नाहीत. मार्चमध्ये त्यांचे यजमान गेले. आम्ही रानशेतला जाऊन आलो. कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाई निम्म्या झालेल्या दिसल्या. निघताना मी म्हटलं, उन्हाळ्यात या. त्या म्हणाल्या, आता काय यायचं.

पण २०१८ ला आल्या. मीच माणूस पाठवून आणवल्या. त्या वर्षी धोंड्याचा महिना होता, म्हणजे अधिक मास, आणि त्यात जावयाला जेवू घालायचं. त्यामुळे नणंदेच्या यजमानांना मानाचं आमंत्रण गेलेलं. दिवस ठरला पौर्णिमेचा. आत्याबाई आदल्या संध्याकाळी आल्या. पांढरट लुगडं, हातात पिशवी, पिशवीत एक जोड कपडे. मी सहज थट्टेने म्हटलं, यंदा नारळ नाही आणलात? त्या नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून मी स्वयंपाकघरात. पुरण शिजवलं, वाटलं, धोंडे केले, तळले. साधं वरण, आमटी, दोन भाज्या, कुरडया. पाहुणे साडेअकराला येणार होते. साडेअकराला फोन आला की मनोरजवळ हायवेवर ट्रक उलटला आहे, गाड्या जागच्या हलत नाहीत, तीन तरी वाजतील. नवरा चिकूच्या पेट्या ट्रकवर चढवायला घोलवडला गेलेला, तोही जेवायला येणार जावयाबरोबरच.

मी सासऱ्यांना म्हटलं, तुम्ही दोघं जेवून घ्या. सासरे म्हणाले, धोंड्याच्या जेवणाला जावयाच्या आधी घरच्यांनी बसायचं नसतं. मी म्हटलं, तीन वाजेपर्यंत म्हातारी माणसं उपाशी राहणार का? ते म्हणाले, पद्धत आहे. मी पातेल्यांवर झाकणं घातली ती जरा आवाज करून घातली. सहा तासांचा स्वयंपाक झाकून ठेवायचा, आणि खाणार कोण, तर मनोरच्या हायवेवर गाडीत एसी लावून बसलेला माणूस.

पदराने घाम पुसत मी ओट्यावर आले. आत्याबाई बाकावर बसल्या होत्या. त्याच जागी, तशाच. छत्री या वेळी मांडीवर नव्हती, खुंटीला टांगलेली होती आणि त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या. समुद्राच्या बाजूने खारा वारा येत होता. मला एकदम आठवलं की आज पौर्णिमा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा, वर तास. सव्वाबारा.

घड्याळात बाराला दहा कमी होते. मी छत्री खुंटीवरून काढली आणि म्हटलं, उठा. त्या म्हणाल्या, कुठे? मी म्हटलं, जेवायला वेळ आहे, चला. सासरे आतून म्हणाले, या उन्हात? मी म्हटलं, तुम्हीही चला, नाहीतर बसा पुरणाला वारा घालत. कोपऱ्यावरची रिक्षा बोलावली, पंचा ओला करून आत्याबाईंच्या डोक्यावर टाकला, पाण्याची बाटली घेतली, दाराला कुलूप लावलं आणि निघालो. रागात केलेल्या माझ्या कामांपैकी हेच एक बरं निघालं.

दुपारी बारा वाजता मे महिन्यात डहाणूच्या चौपाटीवर कोणी नसतं. फरसबंदी तापलेली, बाकडी रिकामी, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवर गोणपाट टाकलेलं. आणि पाणी बंधाऱ्याला लागलेलं. खालच्या तीन पायऱ्या पाण्यात, चौथीवर लाट येऊन जात होती. चार वर्षांत मी ते पाणी तिथे पहिल्यांदा पाहिलं. जेमतेम पंधरा मिनिटांवर राहून.

सासऱ्यांनी आणि मी धरून आत्याबाईंना पाचव्या पायरीवर बसवलं. रिक्षावाला छत्री धरून मागे उभा राहिला. त्यांनी चपला काढल्या, पाय चौथ्या पायरीवर ठेवले. लाट आली आणि घोट्यापर्यंत भिजवून गेली. दुसरी आली. त्यांनी डोळे मिटले होते. मग त्यांनी दोन्ही हात पदराच्या आत घातले, ओच्यात काहीतरी शोधल्यासारखे, आणि रिकामे बाहेर काढले.

मी विचारलं, काय पाहिजे? त्या म्हणाल्या, काय नाय, सवय. आणि मग इतक्या हळू, की लाटेच्या आवाजात मला वाकावं लागलं, त्यांनी सांगितलं. या घरची लेक उन्हाळ्यात माहेरी आली की परत जाण्याआधी वहिनीने वाडीतल्या नारळाने तिची ओटी भरायची. ती ओटी घेऊन तिने उधाणाच्या पाण्याला जायचं, पायाला पाणी लागू द्यायचं, आणि नारळ समुद्राला द्यायचा. माझं माहेर भरलेलं राहू दे, म्हणायचं. त्यांच्या आईपासून असंच. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं त्यांची ओटी भरली. सासूबाई गेल्या आणि मी आले.

मला एकेक आठवायला लागलं. शेंडीचा नारळ. कुंकवाचं बोट. बिरडं. वडी.

"ते नारळ," मी म्हटलं, "तुम्ही मला माझ्यासाठी दिले नव्हते."

"तुझ्या हातात दिले. तू माझ्या ओटीत घालशील म्हणून."

"मग सांगायचं नाही का? मी ते खाल्ले. तुम्हालाच वाढले."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आश्चर्याने. "ओटी कोण मागून घेतं, बाय?"

मी सासऱ्यांकडे वळले आणि विचारलं की तुम्हाला हे माहीत होतं का. ते पाण्याकडे बघत म्हणाले, बायकांचं असतं ते, तुला ठाऊक असेल असं वाटलं. मी विचारलं, मला कोण सांगणार होतं? आणि अकरा वाजता छत्री घेऊन बसलेल्या बाईला आत बोलावणारी मीच होते, त्यामुळे त्यांच्यावर फार वेळ चिडताही येईना. ती बाई सातव्या वर्षापासून तिथी मोजत होती. भांगाच्या दिवशी पाणी येणार नाही हे तिला आमच्या आधी माहीत होतं, आणि तरी ती दरवर्षी आमच्याबरोबर संध्याकाळी जाऊन चपला काढून बसत होती. माहेरी आलेली बाई जेवायची वेळ बदला म्हणत नाही. मीसुद्धा तलासरीला गेले की आई वाढेल तेव्हा जेवते.

मी उठले. म्हटलं, नारळ आणते. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. "नको. आता मला चालत नाय."

"कोणाला चालत नाही?"

"लोकांना."

मी त्या लांबलचक रिकाम्या बंधाऱ्याकडे हात केला. "दाखवा मला, कुठे आहेत लोक?"

नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, हे मला माहीत होतं. ते मात्र मला सगळ्यांनी न विचारता शिकवलं होतं. जे सांगायला हवं ते कोणी सांगितलं नाही, आणि हे मात्र पाचव्या वर्षापासून पाठ. सहा तास चुलीपुढे उभं राहून उपाशी आलेल्या माणसाला नियमांचं प्रेम फार उरत नाही.

पण नारळ कुठून आणायचा? दुकानं दुपारची बंद. तेवढ्यात सासरे पायऱ्या चढून रिक्षावाल्याकडे गेले. त्याने पुढच्या काचेपाशी देवीच्या फोटोखाली पौर्णिमेच्या पूजेसाठी घेतलेला नारळ ठेवला होता. सासरे त्याच्याशी काहीतरी बोलले, अर्धं गुजरातीत. त्याने नारळ काढून आणला आणि मला म्हणाला, "घ्या ने, बेन. मी सांजचा दुसरा घेईन."

तांदूळ नव्हते, खण नव्हता, हळदकुंकू नव्हतं. आत्याबाई अजून नको म्हणत होत्या, पण पदर त्यांनी पुढे धरला होता. सासरे पाठ करून उभे राहिले नाहीत. समोर उभे राहिले. मी नारळ आत्याबाईंच्या ओटीत घातला आणि वाकून पाया पडले, अर्धी पाण्यात.

त्यांनी नारळ कपाळाला लावला, ओठ हलले, आणि लाटेत सोडला. पुढची लाट तो पायरीवर परत घेऊन आली. त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी सासरे लेंगा वर करून गुडघाभर पाण्यात उतरले आणि जोरात लांब फेकला. तो वरखाली होत दिसत राहिला. मग पाणी फिरलं आणि घेऊन गेलं. आत्याबाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नणंद. ट्रक लवकर हलवला, आम्ही दारात आहोत, कुलूप का आहे, हे उन्हात उभे आहेत. मी म्हटलं, किल्ली तुळशीच्या कुंडीखाली आहे, पानं मांडलेली आहेत, वाढून घ्या. धोंड्याच्या महिन्यात जावयाने हाताने वाढून घेतल्याची गोष्ट मुंबईत अजून सांगितली जाते, असं कानावर आहे.

घरी आल्यावर मी नणंदेला विचारलं, आई तुलाही नारळ देत असेल ना? ती म्हणाली, हो, ओटी भरायची की दरवर्षी, मी गाडीत टाकून घरी न्यायचे, चटणीला व्हायचा. मी वडी केली होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई निघाल्या. रिक्षात बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "बाजारचा नारळ हलका असतो. म्हणून परत येत होता. पुढच्या वर्षी आपल्या वाडीतला दे."

त्या घरात मला चार वर्षं झाली होती. त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याची ही पहिली वेळ. रिक्षा वळेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मग आत जाऊन पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून छापलेलं नाही म्हणून चिडचिड केली.

२०१९ च्या मे महिन्यात पौर्णिमेला आमच्याकडे साडेदहाला पानं वाढली. नणंद म्हणाली, इतक्या लवकर कोणाला भूक आहे? तिचे यजमान म्हणाले, आत्ता तर पोहे खाल्ले. आत्याबाई ओट्यावर होत्या, छत्री मांडीवर, आणि ओटीत पडवीतल्या ढिगातला मी निवडलेला सगळ्यात जड नारळ. मी सगळ्यांना म्हटलं, भूक नसली तरी जेवा, पाणी थांबणार नाही.